कांदा आणि, कांदा किंवा

पीएच.डी.साठी मी विषय घेतला साठवणीच्या चाळीत सडणाऱ्या कांद्याचा. चाळ घरची, सडही घरचीच. निम्मं काम झालंय असं वाटलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात डेटाबेस उघडला, 'अनियन' टाइप केलं आणि निकालांचा ट्रॅक्टरच अंगावर रिकामा झाला. त्यात पुष्कळसे 'अनियन राउटिंग'चे. इंटरनेटवर ओळख लपवायची ही युक्ती. निरोपावर सांकेतिक भाषेचे एकावर एक पापुद्रे चढवतात, म्हणून कांदा. लासलगावात याला क्विंटलमागे काय भाव निघेल, देव जाणे.

ग्रंथपाल मॅडमना दया आली. "सर, नुसता शब्द टाकून कसं चालेल? अँड लावा, ऑर लावा."

इथे माझं मराठी आडवं आलं. वाण्याकडे 'कांदे आणि बटाटे' म्हटलं की पिशवी जड होते. इथे 'आणि' म्हटलं की हलकी होते, कारण दोन्ही शब्द असलेले लेख तेवढे उरतात. पाहुण्याला 'चहा किंवा कॉफी' विचारलं की एकच कप करावा लागतो. इथे 'किंवा' म्हटलं की चहावाले, कॉफीवाले आणि दोन्ही ढोसणारे, सगळे पंगतीला! हे तर्कशास्त्र जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. त्यांच्याकडे पाहुण्यांचा राबता नसावा.

मग मॅडमनी स्टार शिकवला. शब्दाचा पहिला तुकडा लिहून पुढे स्टार दिला की त्याची सगळी रूपं येतात. सडीसाठी मी इंग्रजीत 'रॉट' लिहून स्टार ठोकला. रॉटन आलं, रॉटिंग आलं, मागोमाग रोटेशन आलं, रोटर आला आणि शेवटी अख्खं रॉटरडॅम बंदर आलं.

वैतागून 'नॉट गार्लिक' केलं. लसूण गेला, पण जाताना कांद्याचे चांगले लेखही घेऊन गेला, कारण त्यांत कुठेतरी लसणाचा उल्लेख होता. चातुर्मासात दोघं जोडीनंच घराबाहेर पडतात, हे मला सुचायला हवं होतं. शिवाय बरेच विद्वान कांद्याला 'अ‍ॅलियम सेपा' म्हणतात, हेही उशिराच कळलं.

राहता राहिलं अवतरणचिन्ह. त्यात घातलेले शब्द त्याच क्रमाने, शेजारीशेजारीच शोधले जातात. मी 'अनियन स्टोरेज लॉसेस' घातलं. निकाल शून्य! म्हणजे जगात कुणीच यावर लिहिलेलं नाही! रिसर्च गॅप! मी तिथूनच गाइडना फोन लावला. ते चक्क "वा!" म्हणाले.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "सर, स्टोरेजमधला ई राहिलाय."

ई घातला. पानंच्या पानं भरून लेख आले.

गाइडना अजून कळवलेलं नाही.