हात उगारला नाही, म्हणजे हिंसाचार झाला नाही?

‘तो मारत नाही ना, मग त्रास कसला?’ असे सासरचेच नव्हे, तर माहेरचेही विचारतात, आणि त्यापुढे बाई गप्प होते. म्हणूनच महिलांना कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा प्रत्येक घरात माहीत असायला हवा, असे मला मनापासून वाटते. त्याच्या कलम ३ मध्ये मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरला आहे. मूल होत नाही किंवा मुलगा झाला नाही म्हणून केलेला अपमान, ‘तुझ्या भावाला बघून घेतो’ अशा वारंवार दिलेल्या धमक्या, हे सारे त्यात येते.

आर्थिक छळ मात्र आपल्याला दिसतच नाही, कारण त्याला आपण घराचे वळण म्हणतो. पगार जमा होताच एटीएम कार्ड काढून घेतले जाते, रिक्षाभाड्यासाठीही हात पसरावा लागतो, जपून ठेवतो म्हणून घेतलेले दागिने न विचारता गहाण पडतात, आणि भांडण झाले की किराणा बंद होतो. स्त्रीधनाची परस्पर विल्हेवाट लावणे, घरखर्चाला पैसे न देणे, राहत्या घरात येऊ न देणे, याची या कायद्याने स्पष्ट दखल घेतली आहे. दोघांनी राजीखुशीने पैसे एकत्र ठेवणे अर्थातच वेगळे. पण तिने नाही म्हटले तर काय होते, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते प्रामाणिकपणे तपासावे.

दुसरा घोळ कलमांचा आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दलचे भारतीय दंड संहितेतील ‘४९८अ’ हे कलम १९८३ मध्ये आले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये गेले. असा छळ हा फौजदारी गुन्हा आहे. २००५ च्या कायद्याखाली मात्र बाई न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण, निवारा, पैसा आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागते, आणि नवऱ्याच्या शिक्षेचा प्रश्न येतो तो संरक्षणाचा आदेश मोडल्यावर. हे दोन्ही एकच समजून, त्याला तुरुंगात पाठवायचे नाही एवढ्यासाठी कितीतरी बायका हक्काचे छप्परही मागत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. शिवाय हा कायदा केवळ पत्नीसाठी नाही. एकाच घरात राहणारी आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नाशिवाय पण लग्नासारख्या नात्यात राहणारी जोडीदार, यांनाही तो लागू होतो.

अर्जासाठी या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांची मदत मिळते आणि १८१ या हेल्पलाइनवर विचारणा करता येते. अधिकाऱ्यांकडे जाताना ‘छळ करतात’ एवढेच न सांगता कोणत्या महिन्यात कार्ड घेतले, कोणते दागिने कोणाकडे आहेत, कोणासमोर काय बोलले गेले, हे आठवेल तसे कागदावर उतरवून न्यावे.