अरे, मला ‘पुणे’ तरी लिहू द्या!

आईचा एक ऑनलाइन फॉर्म भरत होतो. पत्त्याच्या रकान्यात ‘पुणे’ लिहायचं. चार बटणं दाबली आणि उमटलं ‘ह्ग्च्स’. मोठ्यानं वाचू नका, आई शेजारीच बसली होती.

माझा कीबोर्ड इनस्क्रिप्ट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं देवनागरी अक्षर याची ठरलेली मांडणी. १९९१ च्या भारतीय मानकात आहे तोच, काही मी घरी बनवलेला नाही. त्यात ‘प’ इंग्रजी ‘एच’च्या बटणावर, उकार ‘जी’च्या. पण या शहाण्यांच्या पानाला मी कुठलं अक्षर लिहिलं याच्याशी देणंघेणंच नाही. ते बटणाचा नंबर बघतं. एच दाबलं ना? मग घे ‘ह’! बटण दाबल्याची खबर (कीडाउन) पकडायची, ब्राउझरला त्याचं नेहमीचं काम करू नको म्हणायचं (प्रिव्हेंटडिफॉल्ट), माझं अक्षर गिळायचं आणि स्वतःचं कोंबायचं. का? तर म्हणे लोकांना मराठी टाइप करता येत नाही. अहो, मी करतच होतो की! तुम्ही मध्ये कडमडलात.

बरं, म्हटलं तुमच्याच पद्धतीनं इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहू. आईचं जन्मस्थळ कऱ्हाड. आलं ‘कर्हाड’, रफार थेट ह च्या डोक्यावर. यांच्या यादीत ऱ नाहीच! दुसरीकडून कॉपी करून आणावं, तर पेस्ट बंद. सुरक्षेसाठी असणार. ऱ पासून राष्ट्राला धोका आहे.

मग कर्सर मध्ये नेऊन एकेक अक्षर खोडत बसलो. एक खोडलं की कर्सर टुणकन शेवटाला. कारण दर दाबाला हे अख्खा मजकूर नव्यानं भरतात आणि कर्सर कुठे होता ते लक्षात ठेवायची तसदी घेत नाहीत. कोडच्या दोन ओळींचं काम आहे हो, मीही हेच करून पोट भरतो! कंट्रोल-झेडही मेलेलं. मोबाइलवर बघितलं, तर तिथे क्रोम जवळपास प्रत्येक बटणाला २२९ हाच नंबर देतं, त्यामुळे रकाना ढिम्म.

मराठीतच लिहिलंय का, ते तपासायचंय ना? मग सबमिट दाबल्यावर तपासा की. लिहिणाऱ्याचा हात कशाला धरता?

पाऊण तासानं आई म्हणाली, “जाऊ दे रे, कोण वाचतंय.” दिला भरून. पावती आली, जन्मस्थळ ‘कर्हाड’. दुरुस्तीसाठी वेगळा फॉर्म आहे. त्याच साइटवर.