गुलाबाच्या घराण्यातली बाई

इंदुरात ओळख काढल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. रामबागेत नवा भाडेकरू उतरला की दिवेलागणीच्या आत त्याचं गाव, गोत्र आणि ग्वाल्हेरची मावशी सापडते. झाडंही यातून सुटत नाहीत. माझ्या गच्चीवरच्या कुंडीत दोन हिरवी पानं वर आली मात्र, चौकशी समितीच बसली.

मी पेरलं होतं लेडीज मँटल. शास्त्रीय नाव अल्केमिला मोलिस, माहेर तुर्कस्तान-कॉकेशसकडचं. थंड मुलखात एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुटत राहतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे मला ठाऊक होतं. पण फोटोतलं ते गोल, चुणीदार पान आणि त्यावर टपोरे थेंब! पानावर बारीक लव असते, म्हणून पाणी पसरत नाही, गोळा होऊन बसतं. शिवाय दमट रात्री पान स्वतःच कडेच्या दात्यांतून पाणी सोडतं. युरोपातले किमयागार म्हणे सोनं करायला हे थेंब गोळा करायचे. नावातली ‘अल्केमी’ तिथलीच.

“मग झालं का सोनं?” आत्याने विचारलं. इंदूरकरणीला हा प्रश्न पडणारच. आमच्या सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं मिटली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस परतला जातो आणि त्यावर लिंबू पिळणाऱ्याचा रुबाब कुठल्याही किमयागाराहून जास्त असतो.

या बियांना रुजण्याआधी काही आठवडे थंडी लागते. म्हणून ओल्या वाळूत मिसळून त्या फ्रीजमध्ये गेल्या. दिवाळी तोंडावर. सासूबाईंनी डबी उघडून बघितली. “खसखस भिजत का घातलीस गं? आणि इतकी कचकच?” मी डबीवर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. यांनी त्याखाली पेनाने लिहिलं, ‘का?’

पुढे कुंडी, शेणखत, पेरणी सगळं रीतसर झालं आणि पानं आली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “ही तर ब्राह्मी!” आणि लेकाची दहावी आहे म्हणून चार पानं खुडून नेली. मोबाइलमधल्या अॅपने सकाळी जिरॅनियम सांगितलं, दुपारी उन्हात भोपळा. शेवटी वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असलेल्या काकांना बोलावलं. ते भिंग घेऊनच आले, चहा होईपर्यंत कुंडीपाशी उकिडवे बसले, आणि आमच्या ज्ञानात भलतीच भर घालून गेले. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली अल्केमिला हे नाव रूढ केलं खरं, पण या कुळाची ओळख पटवताना युरोपातल्या भल्याभल्यांना घाम फुटतो. यातल्या बहुतेक जाती परागीकरणाशिवायच बी धरतात. लेक हुबेहूब आईची नक्कल! त्यामुळे कुठे पानाचा एक दाता वेगळा निघाला, तर तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो आणि कुणीतरी लगेच त्याची नवी जात करून टाकतो. अशा शेकडो झाल्यात.

“मग ही कोणती?”

“फूल येऊ दे,” काका म्हणाले आणि दुसरा चहा घेतला.

फूल कसं असतं तेही त्यांनी सांगून ठेवलं. बारीक, हिरवट-पिवळं, झुबक्याने येणारं, आणि त्याला पाकळ्याच नसतात. कूळ मात्र गुलाबाचं. सासूबाईंना हे फार लागलं. “एवढं मोठं घराणं आणि अंगावर एक पाकळी नाही?”

फूल आलं. फिकट जांभळं. पाच पाकळ्या, अगदी स्वच्छ मोजता येतील अशा. काका घसा खाकरून म्हणाले, “माल्वा पार्व्हिफ्लोरा.” खाली सोसायटीचा माळी पाइप गुंडाळत होता, त्याला वर बोलावलं. त्याने भिंगबिंग न लावता निकाल दिला, “भिया, ये तो खेत की घास है. गेहूँ में खूब निकलती है. खाद में आ गई होगी.”

म्हणजे खरी बाई वाळूतून उठलीच नव्हती, आणि शेणखतातून आलेल्या पाहुणीला आम्ही थंडीभर फवाऱ्याने आंघोळ घालत होतो. वहिनींच्या लेकाला बोर्डात काय मिळतं, त्यावर ब्राह्मीचं प्रकरण अवलंबून आहे. तूर्त मी त्यांना काही बोललेले नाही.

“कोवळा पाला खातात याचा,” काका जाता जाता म्हणाले. त्या रात्री सासूबाईंनी लसणाची फोडणी देऊन, डाळीचं पीठ पेरून भाजी केली. यांनी दोनदा वाढून घेतली.

“मिळमिळीत नाहीये हं,” सासूबाई कढई खरवडत म्हणाल्या. “ते सोन्याचं बी राहू दे. पुढच्या वर्षी खतच जरा जास्त आण.”