आर्थर अलेक्झांडरचं नाव घ्या

बीटल्सचा पहिला अल्बम ‘प्लीज प्लीज मी’ ज्यांनी ऐकलाय, त्यांच्या कानावर आर्थर अलेक्झांडर पडून गेलाय. बहुतेकांना ते माहीत नसतं, इतकंच. त्या अल्बमवरचं तिसरं गाणं, ‘ॲना’, बीटल्सचं नाही. अलाबामातल्या एका कृष्णवर्णीय गायकाने ते लिहिलं, त्यानेच चाल बांधली आणि १९६२ मध्ये त्यानेच ते पहिल्यांदा गायलं. पण आजही कुणी हे गाणं शेअर केलं की वर लिहिलेलं असतं, ‘काय गायलाय लेनन!’ बीटल्समधला जॉन लेनन सुंदर गायलाय, त्यात वादच नाही. पण तो कुणाचं गातोय, हे कुणीतरी सांगायला हवं ना!

‘ॲना’ची गोष्ट साधी आहे. बायकोला दुसरा कुणी आवडतो, तिला जायचंय. नवरा म्हणतो, माझी अंगठी परत दे आणि जा, तू मोकळी आहेस. अशा प्रसंगावर गाणं करायचं तर दुसरा एखादा गायक गळा काढून रडला असता. आर्थर रडत नाही. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, थोडा जड, बोलल्यासारखा. मधल्या कडव्यात, जिथे तो आयुष्यभर प्रेम शोधत फिरल्याचं सांगतो, तिथे चाल वर चढते. आपल्याला वाटतं, आता हा फुटणार. पण तो तिथेही आवाज चढवत नाही. जेवढा गळा हवा तेवढाच लावतो आणि खाली उतरतो. त्या आवरण्यातच सगळं दुःख आहे. सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत म्हणजे चर्चमधला आक्रोश, घाम, गुडघ्यांवर बसून केलेला आकांत अशी आपली समजूत असते. आर्थरच्या सोलमध्ये शालीनता आहे. तो कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या गोऱ्यांचं संगीत, ऐकत वाढला होता आणि ते त्याच्या गाण्यात मुरलेलं आहे.

आता लेननचं ‘ॲना’ ऐका. ११ फेब्रुवारी १९६३, लंडनमधला ईएमआयचा स्टुडिओ. त्या एका दिवसात बीटल्सनी अल्बमची दहा गाणी रेकॉर्ड केली. लेननला सर्दी झालेली, घसा बसत चाललेला. मूळ रेकॉर्डमधला पियानोचा तुकडा जॉर्जने गिटारवर घेतला, रिंगोने ड्रमचा ठेका जवळजवळ तसाच ठेवला. आणि मधल्या कडव्यात लेनन नेमका तिथे फुटतो, जिथे आर्थरने स्वतःला सावरलं होतं. आवाज चिरतो, कच्चा होतो. मला ते फार आवडतं. बावीस वर्षांचा मुलगा ते कडवं तसंच गाणार. पण तो फुटण्याचा क्षण आर्थरने बांधून ठेवला होता, म्हणून तो लेननला सापडला.

बीटल्स तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘सोल्जर ऑफ लव्ह’ आणि ‘अ शॉट ऑफ रिदम अँड ब्लूज’ ही आर्थरने गायलेली गाणी त्यांनी बीबीसीसाठी गायली, ती अल्बमवर यायला १९९४ उजाडलं. सुरुवातीच्या दिवसांत आम्हाला रिदम अँड ब्लूजसारखं वाजायचं होतं, हे सांगताना बीटल्सच्याच पॉल मॅकार्टनीने नाव घेतलं ते आर्थर अलेक्झांडरचंच. बीटल्सच्या ‘ऑल आयव्ह गॉट टू डू’मध्ये मला तर सरळ आर्थर ऐकू येतो. लेननने त्या गाण्यासाठी स्मोकी रॉबिन्सन या दुसऱ्या सोल गायकाचं नाव घेतलं होतं, घेऊ दे. माझे कान मला वेगळं सांगतात.

रोलिंग स्टोन्सनी जानेवारी १९६४ च्या ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, आर्थरचं ‘यू बेटर मूव्ह ऑन’ गायलं. एक गरीब मुलगा आपल्या मैत्रिणीच्या मागे लागलेल्या श्रीमंत मुलाला सांगतो, तू तिला महागड्या वस्तू देशील, पण आता तू निघालेलं बरं. धमकी आहे, तीही सभ्य सुरात. इतक्या लहान वयात स्टोन्सचा गायक मिक जॅगर एवढ्या मवाळपणे गायला, ते या गाण्यानेच गाऊन घेतलं. बॉब डिलनने १९८८ मध्ये आर्थरचं ‘सॅली सू ब्राउन’ घेतलं. बीटल्स, स्टोन्स आणि डिलन या तिघांनी ज्याची गाणी रेकॉर्ड केली असा हा एकटाच गीतकार, असं नेहमी म्हटलं जातं. जॉर्ज जोन्स आणि जॉनी पेचेक या कंट्रीवाल्यांनीही ‘यू बेटर मूव्ह ऑन’ गायलं. १९९९ मध्ये पर्ल जॅमने ‘सोल्जर ऑफ लव्ह’ घेतलं.

‘यू बेटर मूव्ह ऑन’मागे तर एक अख्खं गाव उभं आहे. आर्थर तेव्हा अलाबामातल्या शेफील्डच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा. १९६१ मध्ये रिक हॉल नावाच्या निर्मात्याने मसल शोल्स या गावातल्या तंबाखूच्या जुन्या गोदामात हे गाणं रेकॉर्ड केलं. ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्या पैशातून हॉलने फेम स्टुडिओची नवी इमारत उभी केली. पुढे विल्सन पिकेट, एटा जेम्स, अरेथा फ्रँकलिन असे सोलचे मोठे गायक तिथेच येऊन गायले. म्हणजे मसल शोल्सचं जे नाव झालं, त्याचा पाया आर्थरच्या गाण्याने घातला. त्याच्यामागे वाजवणारी पोरं, नॉर्बर्ट पुटनम, डेव्हिड ब्रिग्ज आणि जेरी कॅरिगन, ११ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्सच्या अमेरिकेतल्या पहिल्या मैफलीत टॉमी रो या गायकाला साथ करत होती. बीटल्सचं ‘ॲना’ रेकॉर्ड होऊन बरोबर एक वर्ष झालं होतं.

आणि आर्थर? मला ज्याचा राग येतो ते आता सांगतो. कव्हर झालं, म्हणजे एखादं गाणं दुसऱ्या कुणी नव्याने गायलं, की हक्काचे पैसे गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला जातात. ‘सोल्जर ऑफ लव्ह’ किंवा ‘अ शॉट ऑफ रिदम अँड ब्लूज’ आर्थरने लिहिलेली नव्हती, फक्त गायली होती. म्हणजे कागदावर त्याचा काडीचा हक्क नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येकाने उचलली ती त्याचीच गायकी! कुठे थांबायचं, कुठला शब्द मागे ठेवायचा, कुठे आवाज सोडायचा, हे सगळं त्याचं. शब्द आणि चाल कायद्याला दिसते, गळ्यातलं काम दिसत नाही. ‘बर्निंग लव्ह’ १९७२ मध्ये त्याने एल्व्हिसच्या आधी रेकॉर्ड केलं. एल्व्हिसचं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि गाणं कायमचं एल्व्हिसचं झालं. ‘ॲना’ आणि ‘यू बेटर मूव्ह ऑन’ ही जी दोन मोठी गाणी त्याने स्वतः लिहिली होती, त्यांचेही पैसे त्याच्या हाती फारसे लागले नाहीत, असं त्याच्यावर लिहिणारे सांगतात.

आपल्याकडे बालगंधर्वांचं पद गाताना गायक आधी कानाच्या पाळीला हात लावतो, त्यांचं नाव घेतो आणि मग सूर लावतो. त्याने गायक लहान होत नाही. तेवढं नाव घेणंसुद्धा या माणसाच्या वाट्याला आलं नाही.

पुढे तो संगीत सोडून क्लीव्हलँडला गेला आणि एका समाजसेवी संस्थेची बस चालवत राहिला. बरीच वर्षं. रेडिओवर बीटल्स आणि स्टोन्स वाजत असतानाच्या काळात. १९९३ मध्ये ‘लोनली जस्ट लाइक मी’ हा अल्बम घेऊन तो परतला. आवाज थकलेला, पण तीच शालीनता. त्याच वर्षी ९ जूनला नॅशव्हिलमध्ये तो गेला. वय ५३.

माझी एकच विनंती आहे. आज रात्री ‘ॲना’ दोनदा ऐका, आधी आर्थरचं, मग बीटल्सचं. मग ‘सोल्जर ऑफ लव्ह’ही याच क्रमाने. त्यानंतर ‘लोनली जस्ट लाइक मी’ अख्खा. आणि यातलं काही शेअर केलंत तर वर आर्थर अलेक्झांडर असं लिहा.