अर्धीच तर घेतो

आज सकाळी सहा चाळीसला लेकीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवत होते. व्हॅनकाकांनी मोठी जांभई दिली. मी सहज विचारलं, "काय काका, झोप झाली नाही का?" तर म्हणाले, "झाली की ताई. रात्री गोळी घेतली होती ना, अजून जरा जड वाटतंय. पुढच्या टपरीवर चहा मारला की मोकळं होतं." दार ओढलं, हॉर्न दिला आणि गेले.

आत अकरा मुलं.

मी गेटपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग धावत वर गेले, किल्ली घेतली आणि व्हॅनच्या मागोमाग शाळेपर्यंत गाडी नेली. काही झालं नाही. मुलं नीट उतरली, लेकीनं मला बघून हात केला. परत आल्यापासून दोन मीटिंगा झाल्या, कुकर लावून झाला, पण डोकं जागेवर नाही. म्हणून लिहितेय. लांबेल.

दुपारी काकांना फोन केला, कुठली गोळी विचारलं. त्या माणसानं काही लपवलं नाही, पट्टीचा फोटोच पाठवला. अल्प्राझोलाम, पॉइंट फाइव्ह मिलिग्रॅम, भीती-घबराटीवर देतात ती गोळी. लॉकडाऊनमध्ये व्हॅन दीड वर्ष दारात उभी आणि बँकेचे हप्ते चालू. तेव्हा छातीत धडधड व्हायची म्हणून कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. ती आजतागायत चालू आहे. रात्री कंपनीची कॅब चालवतात, घरी यायला साडेबारा-एक, मग गोळी, आणि पाचला उठून व्हॅन पुसायला हजर. म्हणजे गोळी पोटात गेल्यावर पाच-साडेपाच तासांनी अकरा लेकरं त्यांच्या हवाली. मी गप्प झाले तसे तेच म्हणाले, "पण ताई, अर्धीच तर घेतो."

अर्धीच. माझे अण्णाही अर्धीच घ्यायचे.

जवळच्यांना हे माहीत आहे, बाकीच्यांना पहिल्यांदाच सांगतेय. आई २०१३ च्या डिसेंबरात गेली. अण्णा रात्र रात्र सोप्यात येरझाऱ्या घालायचे. गावातल्या डॉक्टरांनी क्लोनाझेपाम दिली, काकांच्या गोळीच्याच जातीची, झोपताना अर्धी, पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांची नऊ वर्षं झाली. चिठ्ठी घडीवर फाटायला लागली तेव्हा अण्णांनी ती लॅमिनेट करून घेतली. मेडिकलवाला ती बघायचाही नाही. अण्णा पायरी चढले की पट्टी काउंटरवर. आणि आम्ही दोघं भावंडं पुण्यामुंबईत निवांत, की चला, अण्णांना झोप लागते.

जानेवारी २०२३. अण्णांचे डोळे तपासून सांगलीहून परत येत होतो. संध्याकाळचे सात वाजलेले, आष्टा अजून यायचं होतं. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात. अण्णा चालवत होते, मी शेजारी, लेक मागे झोपलेली. पुढे अंधारात उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आणि आता हे नीट वाचा: ती अण्णांना दिसली. मला दिसली नव्हती, त्यांना आधी दिसली. "ट्रॉली हाय बघ पुढं," असं ते स्वतः बोलले. तरी गाडी तशीच गेली. ब्रेक लागला, पण तोवर उसाच्या मोळ्या काच फोडून आत आल्या होत्या. माझं कॉलरबोन मोडलं. लेकीला ओरखडाही आला नाही, ती जागी झाली आणि विचारलं, घर आलं का?

ज्या माणसानं तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्याच बघितल्या, त्याला ट्रॉली ओळखता आली नाही असं होईल का? दवाखान्यात माझ्या खाटेशेजारी बसून ते एकच वाक्य घोळवत होते. "दिसलं होतं गं मला. पाय उशिरा गेला."

पाय उशिरा का गेला, हे पुढे सांगलीच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, मेंदूची धावपळ हळू करणारं. या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. म्हणून भीती उतरते, झोप येते. आणि त्याच कारणानं डोळ्यांनी टिपलेलं पायापर्यंत पोचायला वेळ लागतो. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे आठ मीटर, जवळजवळ दोन गाड्यांची लांबी. शिवाय क्लोनाझेपामची रक्तातली पातळी निम्म्यावर यायलाच साधारण तीस-चाळीस तास लागतात. रोज रात्री घेणाऱ्याच्या अंगात कालची निम्मीही उतरलेली नसते, तोवर आजची वर. त्यामुळे अण्णांनी गोळी आदल्या रात्री दहाला घेतली होती, अपघात दुसऱ्या दिवशी सातला झाला, मग तिचा काय संबंध, हे आमच्या नातेवाइकांचं गणित मुळातच चुकलेलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सुरुवातीला सकाळी जे जड वाटतं ते काही आठवड्यांत जातं, शरीर सरावतं. लक्ष, आठवण, चटकन हालचाल करणं हे मात्र तितकं सावरतंच असं नाही. आणि घेणाऱ्याला ते जाणवत नाही! दारू प्यायलेल्याला निदान तोंडाचा वास तरी येतो. अण्णा नऊ वर्षं आम्हाला सांगत होते, मला काही होत नाही, मी ठणठणीत आहे. खोटं बोलत नव्हते ते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्यामुळे "मी दहा वर्षं घेतोय, कधी साधा ओरखडा नाही गाडीला" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मागच्याच महिन्यात एका लग्नात आमचे एक काका नाकाबंदीवर तावातावानं बोलत होते. पिऊन चालवणाऱ्यांना आत टाका, लायसन्स जप्त करा. आपण आयुष्यात थेंब घेतला नाही म्हणाले. काकू शेजारीच होत्या, त्यांनी पर्समधून डबी काढून त्यांना रात्रीची गोळी दिली, कारण घरी पोचायला उशीर होणार होता. आणि ते सातारा गाठायला स्वतः गाडी चालवत निघाले! मी अडवलं तर सगळ्यांनी मलाच वेड्यात काढलं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूबरोबर अमली द्रव्यांचाही उल्लेख आहे, गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असेल तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण नाक्यावर पोलिसाच्या हातात असतं ते फुंकायचं यंत्र. त्यात दारू कळते, अल्प्राझोलाम कळत नाही. लायसन्सच्या अर्जात फिट येते का, रातांधळेपणा आहे का, लाल-हिरवा रंग ओळखता का, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, सगळं विचारतात. कुठली गोळी चालू आहे हे विचारणारी ओळ नाही. धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का, असं शेवटी आहे म्हणा. अण्णांनी तिथे "नाही" लिहिलं होतं. त्यांच्या लेखी तो आजार नव्हताच, झोप लागत नव्हती इतकंच.

फ्रान्समध्ये अशा औषधांच्या खोक्यावर त्रिकोणात गाडीचं चित्र असतं. पिवळा, केशरी, लाल अशा तीन पायऱ्या. लाल म्हणजे गाडी चालवू नका. शाळेतल्या पोरालाही कळेल. अमेरिकेत २०१३ मध्ये झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा बायकांसाठीचा डोस सरकारी औषध खात्यानं निम्मा करायला लावला, कारण सकाळी गाडी चालवायच्या वेळेलाही ती रक्तात जास्त उरत होती. आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, घेणाऱ्याचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची. व्हॅनकाकांना विचारलं, वहीत नाव लिहितात का? "कुठली वही ताई?"

मान्य आहे, रात्रभर तळमळत पडलेला माणूस सकाळी स्टिअरिंगवर बसला तर तोही धोकाच. आणि हेही मान्य की त्या गोळीनं २०१३ साली अण्णांना वाचवलं. ती पहिली चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. राग आहे तो पुढच्या नऊ वर्षांवर. नऊ वर्षांत बीपी तपासणाऱ्यानं, साखर तपासणाऱ्यानं, डोळे तपासणाऱ्यानं, गोळी देणाऱ्यानं, कुणी म्हणून कुणी विचारलं नाही, "अण्णा, गाडी चालवता का?" चार शब्द. आणि मीही नाही विचारलं. दर दिवाळीला त्यांच्या शेजारी बसून तासगावला मावशीकडे जायचे, सिग्नल हिरवा झाला तरी ते क्षणभर थांबायचे, मी म्हणायचे, वय झालं आता. वय नव्हतं ते.

सकाळी काकांवर इतकी संतापले होते की व्हॅन बदलायचीच असं ठरवून टाकलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजही टाइप केला होता. पाठवला नाही. सहा वर्षं हा माणूस माझ्या मुलीला नेतोय. पावसात तिच्या डोक्यावर स्वतःचं जर्किन धरून आणतो. दोन गाड्या चालवल्याशिवाय त्याचं घर चालत नाही आणि चार तासांच्या झोपेत तो दोन्ही चालवतोय. त्याला काढलं तर तो दुसऱ्या कुणाची तरी मुलं न्यायला लागेल, तीच गोळी घेऊन. मग मी काय मिळवलं?

उद्यापासून आठ दिवस लेकीला आणि आमच्या विंगमधल्या तीन मुलांना मी सोडणार आहे, काकांना तसं सांगितलं. उरलेल्या सात जणांच्या आयांना आज रात्री एकेक करून फोन करणार आहे. काकांशी बोलूनच. ते आधी खूप दुखावले. मग म्हणाले, "आजच बंद करतो ताई, पट्टी फेकून देतो."

आणि मी फोनवर ओरडले, नको!

कारण अण्णांनी तेच केलं होतं. दवाखान्यातून घरी गेले आणि उरलेली पट्टी गटारात टाकली. पहिले तीन-चार दिवस काही नाही. मग हात थरथरायला लागले, घाम, छातीत धडधड, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. भाऊ मुंबईहून धावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, नशीब समजा. मग पुन्हा चालू करून ती हळूहळू कमी केली, अर्धीची पाव, पावाची त्याहून कमी, पुरे सात महिने. तोवर गाडीची किल्ली भावाकडे. आठव्या महिन्यात अण्णांनी गावातल्या गावात गाडी फिरवली आणि रात्री मला फोन केला. म्हणाले, "काचंवरची धूळ पुसल्यागत वाटतंय गं. मला वाटलं हुतं असंच दिसतं सगळ्यांना."

हे वाक्य मी अडीच वर्षं मनात घेऊन फिरतेय.

तेव्हा जे कुणी ही गोळी घेताय आणि हे वाचताय, आज रात्री घाबरून बंद करू नका. डॉक्टरांकडे जा, किती वर्षं घेतोय ते खरं सांगा, आणि गाडी चालवतो हे त्यांनी नाही विचारलं तरी तुम्ही सांगा.

संध्याकाळी अण्णांना फोनवर काकांचं सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं लाइन कट झाली. मग विचारलं, "पोरं किती असत्यात गाडीत?"

"अकरा."

"त्याचा नंबर दे मला. तुझं ऐकायचा न्हाई तो. मी बोलतो त्याच्याशी."