‘एकही गोळी न झाडता’ घेतली ती फक्त पणजी

डिसेंबर उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मजकूर फिरू लागतो: “गोवा ३६ तासांत, एकही गोळी न झाडता मुक्त झाला. लष्कर चालत आलं, नौदल लांबून बघत राहिलं, विमानांनी नुसती पत्रकं टाकली. पोर्तुगीजांना लढायचंच नव्हतं.” यंदा तो मामांनी पाठवला, वर तीन झेंडे लावून. मामा, रागावू नका, पण उत्तर देतोच.

३६ तासांवरून भांडत नाही. कारवाई १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटेची धरली, तर १९ ला रात्री साडेआठला शरणागतीवर सही होईपर्यंत चारदोन तास जास्तच भरतील.

पत्रकांचं म्हणाल, तर १८ च्या सकाळी १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. नंतर आणखी आठ आली. हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र बंद पाडलं. दाबोळीची इमारत मुद्दाम वाचवली होती, आणि धावपट्टीही पुरती निकामी झाली नव्हती. त्या रात्री पोर्तुगीजांनी खड्डे कसेबसे बुजवले आणि दोन प्रवासी विमानं कराचीला निसटली.

नौदल बघत राहिलं, हे वाक्य मात्र खुपतं. त्याच दुपारी मुरगाव बंदरात बेतवा आणि बियास या आपल्या युद्धनौकांची ‘अफोन्सो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज जहाजाशी तोफांची लढाई झाली. त्याचा कप्तान जबर जखमी झाला, जहाज किनाऱ्यावर चढवावं लागलं. आणि अंजदीव बेट? तिथे पांढरं निशाण दिसलं म्हणून आपले नौसैनिक होड्यांतून उतरले, आणि त्यांच्यावर गोळीबार सुरू झाला. सात जण गेले. बेट हाती आलं ते दुसऱ्या दिवशी. ‘एकही गोळी नाही’ हे त्या सात घरांना कोण सांगणार?

आता ‘चालत आलं’. पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड खरंच चालत आली, विमानातून कोणी उडी मारली नाही. पण बाणस्तारी आणि बोरी इथले पूल पोर्तुगीजांनी उडवले होते. ब्रिगेडची एक तुकडी दोडामार्गाहून खाली उतरून १८ च्या संध्याकाळी पाचच्या सुमारास बेतीला पोचली, आणि अडली. समोर मांडवी, तिच्यावर तेव्हा पूल नाही. आजही बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभं राहिलं, की पलीकडच्या पणजीतली माणसं दिसतात, इतकं कमी अंतर. पण हुकूम नव्हता म्हणून रात्र अलीकडच्या तीरावरच गेली. त्याच रात्री आग्वादच्या तुरुंगातल्या कैद्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेव सिंग सिद्धू किल्ल्यावरच्या गोळीबारात मारले गेले. १९ च्या सकाळी शीख लाइट इन्फन्ट्रीच्या दोन कंपन्या नदी पार करून पणजीत शिरल्या, तेव्हा मात्र कुणीही प्रतिकार केला नाही.

माझ्या मते हा मजकूर इथेच जन्मला. पणजीकरांनी जे पाहिलं ते खरंच तसं होतं, पुढे तेच सगळ्या गोव्याच्या नावावर चढलं. दीव-दमणचं तर कुणी नावही काढत नाही. दमणमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीला १९ च्या सकाळपर्यंत झुंजावं लागलं, तर दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांची गस्ती नौका बुडाली.

राहिलं ‘लढायचंच नव्हतं’. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा लिस्बनहून हुकूम होता: जिंका नाही तर मरा. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वाने तो शेवटपर्यंत पाळला नाही. सैन्य तोकडं, लढाऊ विमान एकही नाही. हकनाक माणसं मारण्यापेक्षा त्याने सही केली. मायदेशी परतल्यावर त्याला सैन्यातून हाकललं. तेव्हा अर्धं वाक्य मामांना देतो. पण सही होईपर्यंत आपले २२ जण आणि त्यांचे तीसेक गेले होते.

मामांनी हे वाचून अंगठा दाखवला आहे. मूळ मजकूर अजून पुसलेला नाही.