अवजड वाहनांस मनाई

रस्त्यावर ट्रक उभे करायला बंदी घालणं फार सोपं. एक खांब, एक पाटी, दोन बोल्ट. ट्रकही आज्ञाधारक, तो निमूटपणे पाटी नसलेल्या शेजारच्या गल्लीत जातो. तिथले रहिवासी अर्ज करतात, दुसरी पाटी लागते, ट्रक तिसऱ्या गल्लीत. असं करत करत अख्खं शहर पाट्यांचं होतं आणि ट्रक तेवढेच राहतात.

मुळात ‘अवजड’ म्हणजे किती, इथूनच गंमत. कायद्याला वजन आवडतं. बऱ्याच देशांत साडेतीन टनांवर रेघ मारलेली आहे, म्हणून कारखाने नेमक्या साडेतीन टनांच्या गाड्या बनवतात. आणि रात्री दोन वाजता गल्लीतल्या ट्रकचं वजन करणार कोण? हवालदाराच्या खिशात काही वजनकाटा मावत नाही. माझं ऐकाल तर नियम डोळ्यांना दिसणारा हवा: लांबी किती, आस (अ‍ॅक्सल) किती, मागे जोडचाकं आहेत का. चष्मा विसरलेल्या माणसालाही एवढं मोजता येतं.

मग पावती. दंड ट्रकतळाच्या भाड्यापेक्षा कमी ठेवला, की तो दंड राहत नाही, भाडंच होतो. मालक तो खर्चात धरून मोकळा.

‘उचलून नेऊ!’ ही धमकी तर माझी सर्वांत लाडकी. मोटारी उचलणारी क्रेन भरल्या ट्रकपुढे केवळ शोभेची. समजा, जड क्रेन आणली. तरी ट्रक जागचा हलत नाही, कारण त्याचा हँडब्रेक हवेनं लागत नाही, हवेनं सुटतो. मागच्या ब्रेकच्या डब्यांत दणकट स्प्रिंग असते. हवा गेली की ती चाकं आवळून धरते. तेव्हा आधी चाकांखाली ठोकळे लावा. मग बाहेरून सहा-सात बार दाबाची हवा भरा, नाहीतर ट्रकखाली सरपटत शिरून एकेका डब्याचा बोल्ट पान्यानं फिरवत स्प्रिंग मागे ओढा. मागची चाकं जमिनीवर ठेवून न्यायचं असेल, तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, तोही सोडवा. नाहीतर चाकं गिअरबॉक्सलाही फिरवतात. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि आतली बेअरिंगं जळतात. थोडक्यात, आधी फुकट सर्व्हिसिंग, मग जप्ती.

इंजिनाचा भाग काढून नेलेला सुटा ट्रेलर त्याहून बिलंदर. त्याचे लोखंडी पाय उन्हानं मऊ झालेल्या डांबरात रुततात. पायांखाली जाड फळी टाकली तर हे टळतं, पण फळी आणणार कोण?

ड्रायव्हरची बाजू मात्र घ्यावीच लागते. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली, की ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची. गाडी किती वेळ चालली याची नोंद ठेवणारं यंत्र, टॅकोग्राफ, म्हणतो थांब, पाटी म्हणते हल. दोघेही सरकारीच. त्यामुळे जिथं बंदी, तिथं ‘मग उभा कुठं राहू?’ याचं उत्तर त्याच पाटीवर, बाण काढून, अंतरासकट द्यायला हवं.

मालउतारासाठी जागा आखतात, तीही सात मीटरची! दहा मीटरच्या ट्रकची शेपूट अर्थातच रस्त्यात. शिवाय मागचं दार आणि लिफ्ट उघडायला आणखी दोन-तीन मीटर मोकळे लागतात. पण ट्रक येईपर्यंत तिथं कुणाची तरी छोटी मोटार इंडिकेटर लुकलुकवत उभी असते, ‘दोनच मिनिटं’ म्हणून. ती साध्या क्रेननं उचलता येते, म्हणून बहुधा तीच उचलली जाते.